गार हाताचे तेल

सुर्ला गावातील सुमंगलेच्या अंगणात अवघी वाडी लोटली होती. पाटावर शिवदासबुवा विराजमान झाला होता. त्याच्या पुढ्यात सुमंगलेची लेक सिद्धी तापाने फणफणून निपचित पडली होती.

"बा महाराजा, खाणीच्या खंदकात बुडालेलो हिचो बापूस लेकीच्या मायेन घराभोवती फिरता. तो हिच्या कपाळार हात ठेवन ताप ओढून घेवंदे," बुवाने गाऱ्हाणे घातले.

"व्हय महाराजा," गर्दीने एका सुरात साथ दिली.

बुवाने मंतरलेले खोबरेल सिद्धीच्या कपाळाला आणि सुमंगलेच्या मनगटाला चोळले. प्रथम काहीच जाणवले नाही. मग कातडीतून थंडी हळूहळू सरकत आली. सुमंगला शहारली. ट्रकासकट खंदकात गेलेल्या नवऱ्याला, गणेशला, वर काढले, तेव्हा त्याचा हात तिने हाती घेतला होता. तो असाच गार होता.

"इले," नवरा आल्याच्या खात्रीने ती पुटपुटली.

"आता दवाखान्याची सुई टोचलास, तर तो रुसान पाण्यात परत जातलो," बुवाने बजावले. बुवाच्या परलोकात सुईचे फारच भय होते.

शेजारची रेश्मा आरोग्य केंद्रात परिचारिका होती. तिने सिद्धीच्या काखेत तापमापक लावला. ताप एकशे तीनच्याही वर होता.

"वयनी, चेडवाक गार वाटता, पण ताप उतराक नाय."

"बापूस ताप ओढता हा. येळ लागतलो," बुवा म्हणाला.

रेश्माने तेलाचा वास घेतला. कापराआड दुसराच ओळखीचा वास दडला होता. ती तडक नाक्यावर गेली आणि घरून वाटी घेऊन परतली.

"वयनी, डोळे मिट." तिने वाटीतले तेल सुमंगलेच्या दुसऱ्या मनगटाला चोळले. थोड्या वेळाने विचारले, "आता कोण इलो?"

मिटल्या डोळ्यांतून आसवे ओघळली. "तेच. तेंचोच हात."

"ह्या माज्या घरातला खोबरेल गे. त्यात पानवाल्याकडचे मेंथॉलचे खडे विरघळवलंय."

"म्हंजे गणेश पानाच्या गाड्यार बसता काय रे बुवा?" गर्दीतल्या सुदेशने टोमणा मारला. कोणी हसले नाही. बुवा पाट सोडून उठला.

कातडीतील मज्जातंतूंच्या पेशींना गारवा ओळखणारी सूक्ष्म दारे असतात. थंडी पडली की ती उघडतात व मेंदूला वर्दी जाते. मेंथॉल तीच दारे थंडीवाचून उघडते. कातडी फसते, ताप आत तसाच राहतो. उलट, थंडी पडली असे समजून शरीर आतली ऊब अधिकच जपू लागते. रेश्माने हे सारे समजावून सांगितले. परंतु नवरा इथे आहे की नाही, एवढेच सुमंगलेला विचारायचे होते.

"म्हंजे ते हय नाय?"

"नाय गे वयनी."

सुमंगला दोन्ही मनगटांकडे पाहत राहिली. ती अद्याप गारच होती. लेकीला दवाखान्यात न्यायचे, तर त्या हाताला पाण्यात परत धाडायचे होते. शेवटी तिने सिद्धीला उचलून छातीशी घेतले. लेकीचे अंग निखाऱ्यासारखे पोळत होते.

"गाडी हाड, दवाखान्यात जावया," ती रेश्माला म्हणाली.

सिद्धी वाचली. सुमंगला मात्र आजही कधी कधी गार लागल्यासारखे वाटून मनगट पदराने पुसते.

सुज्ञ वाचकहो, गार वाटले म्हणजे ताप उतरला असे नव्हे. तापमापक लावावा, वैद्य गाठावा. आणि गेलेल्या माणसाची आठवण आली तर रडावे. त्यासाठी बुवा लागत नाही.