सारवलेल्या घरातला तांडेल

वाघराने अंगणातलं कुत्रं उचललं, तर काशीदच्या बाजूला त्याचं कुणी सुतक धरत नाही. घरामागे डोंगर, डोंगरावर रान, रानात बिबळ्या. मग कुत्रं जायचंच. लोक चार दिवस हळहळतात आणि नवं पिल्लू आणून त्याच खुंटाला बांधतात. म्हणजे वाघराचं पान पुन्हा वाढून ठेवतात, दुसरं काय! आणि वर म्हणतात, त्याचं नशीब. नशीब कसलं डोंबलाचं? माणसं दाराला अडसर लावून आत घोरायची आणि राखणदाराने मात्र उघड्यावर मरायचं!

हे मी नाही म्हणत, हे सगुणा म्हणायची. नबाबाच्या अमलातली ही गोष्ट, मुंबईला जायचं तर शिडाचा मचवा नाहीतर अलिबाग गाठून आगबोट, तेव्हाची. सगुणाचा नवरा दयाराम अशाच एका मचव्यावर खलाशी होता. पावसाळा सोडला तर तो समुद्रावर आणि घरात सगुणा नि तिची सासू येसूबाई, दोघीच. दिवाळीत सगुणाचं कुत्रं वाघराने नेलं, तेव्हा तिने दिवसभर चूल पेटवली नाही. संध्याकाळी सासूला म्हणाली, "आत्याबाई, या घरात पुन्हा कुत्रं आलं तर रात्रीचं आत झोपंल. न्हायतर कुत्रंच नको."

"कुत्रं आत? देवाच्या फळीखाली?" येसूबाईने हातातली केरसुणी खाली टाकली. "त्यापरीस वाघरूच आण नि माज्या वाकळंत घाल!"

विषय तिथेच मिटला असता. पण सगुणाची गुलबानूशी मैत्री. पलीकडच्या मोहल्ल्यात, परसाच्या कुंपणालगतच, गुलबानूचं घर, घरच्यांचा चुन्याचा धंदा. त्यांच्या होडीच्या मांडवात एक कुत्री व्याली आणि बिबळ्याने एका आठवड्यात कुत्रीसकट सगळी पिल्लं संपवली. एकच उरलं. गुलबानू ते टोपलीत घालून सगुणाच्या दारात आली.

"घे गो याला," ती म्हणाली. "आमच्यात कुत्रा घरात चालत न्हाय. याचं तोंड भांड्याला लागलं तर भांडं सात येळा धुवावं लागतं. पन अल्लानं जीव दिलाय, वाघराला देयाचा कसा सांग?"

सगुणाने टोपलीत हात घातला आणि पिल्लाने तिचं बोट चोखायला घेतलं. संपलं! आता खुद्द नबाब घोड्यावरून आला असता तरी ती टोपली परत गेली नसती.

टोपलीतून उतरल्या उतरल्या पिल्लू नाक वर करून साऱ्या घराची पाहणी करत पुढे चाललं. "आला बघा तांडेल!" येसूबाई फणकारली. तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य. त्याच्या हुकमाखाली दयारामचं आयुष्य चाललेलं. आणि या तांडेलाने माजघराच्या मधोमध थांबून तिच्या डोळ्यांदेखत तळं केलं. नाव मात्र त्याला तेच चिकटलं.

येसूबाईने त्याच तळ्याच्या काठावर उभं राहून निकाल दिला. "शिमग्याला गावदेवीची पालखी घरात येनार. तवर ठेव. पालखीपुढं यानं घर नासवलं, तर त्याच रातीपासनं हा भाईर. मग वाघरू हाय नि हा हाय. मला बोल लावायचा न्हाय."

"न्हाय लावनार," सगुणा म्हणाली. आणि फडकं आणून तळं पुसायला बसली.

कोंबड्यांचं बांबूचं खुराडं रिकामंच पडलं होतं, कोंबड्याही वाघराच्या भाच्यांनी, म्हणजे कोल्ह्यांनी नेलेल्या. सगुणाने ते धुतलं, उन्हात तापवलं, आत आपलं जुनं लुगडं अंथरलं आणि आपल्या उशाशी ठेवलं. पहिले काही दिवस तांडेलाने असा गळा काढला की शेजारचे विचारायला आले, कोण गेलं? सगुणा खुराड्याच्या फटीतून बोटं आत सोडून पडून राहायची. येसूबाई कूस बदलत म्हणायची, "पोटच्या पोराचं कुनी एवढं केलं न्हाय." पण हळूहळू त्याला कळलं, हे आपलं घर. दुपारी दार उघडं असलं तरी स्वतःहून आत जाऊन लुगड्यात तोंड खुपसून झोपायला लागला.

आणि सगुणाच्या एक गोष्ट ध्यानात आली. हा घरभर घाण करतो, पण खुराड्यात कधीच करत नाही. जिथे निजायचं ती जागा राखतो. म्हणजे अक्कल आहे! मग तिने धरलंच. डोळा उघडला की खुराड्यातून उचलायचा आणि थेट मागीलदारी. खाऊन झालं की मागीलदारी. खेळता खेळता नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागला की हातातलं टाकून मागीलदारी. भाकरी तव्यावर करपली तरी बेहत्तर.

मागीलदारी कुठे? तर गोठ्यापाशी, शेणाच्या ढिगावर. घाणीची जागा ती, तर घाण तिथेच झालेली बरी, असा नेटक्या बाईचा सरळ हिशेब. तिथे काम झालं की तोंडात चिमूटभर सुका जवळा आणि "शाब्बास रे माज्या तांडेला!" जवळा म्हणजे इवलाली सुकी कोळंबी, तिच्यासाठी तो जीव टाकायचा. शिमग्याला अजून अवकाश होता आणि तांडेल आपणहून शेणाच्या ढिगाकडे धावायला लागला. घर कोरडं ठणठणीत! सगुणाने विहिरीवर जाऊन एवढा तोरा मिरवला की बायकांनी कळशा अर्ध्या भरून घरचा रस्ता धरला.

आणि मग अमावास्या आली. घर सारवायचा दिवस.

सगुणाने ओलं शेण कालवलं, माजघर कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत सारवलं. हात धुवायला वळते तोच तांडेल आत आला, ओल्या सारवणाचा वास घेतला, आणि अगदी मनापासून, मधोमध बसला. बसून उठला, सगुणाकडे पाहिलं आणि शेपूट हलवत जवळ्याची वाट बघत उभा राहिला.

"मेल्या!" सगुणा एवढ्या मोठ्याने ओरडली की तो खुराड्यात पळाला.

"झालं?" येसूबाई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण त्यात सगळं आलं.

तेवढ्यात देवीचा गुरव बाळाजी पालखीचा दिवस सांगायला दारात आलेला. तो हसून हसून खांबाला टेकला. "अगो सगुणा, घरात ऱ्हातात ती सायबाची कुत्री. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच!"

सगुणाने पुन्हा सारवलं. तांडेल पुन्हा बसला. आता तिला रडूच कोसळलं. शेणाने भरलेले हात तसेच मांडीवर टाकून ती ओल्या जमिनीशेजारी बसली. तर हा गाढव आनंदाने तिचे ते हातच हुंगायला लागला. हातांकडे बघत ती एकदम थबकली. तो शेणाच्या ढिगावर बसतो तेव्हा आपण काय देतो? जवळा. काय म्हणतो? शाब्बास. आणि आज आख्ख्या घराला आपण शेण फासून ठेवलंय!

"अगो बया!" तिने कपाळावर हात मारून घेतला, शेणासकट. "आत्याबाई, याचं काय चुकलं न्हाय. मीच शिकवलं याला! शेण दिसलं की बस, असं मीच शिकवलं!"

करायला गेली गणपती आणि झाला मारुती! येसूबाई हसली नाही. "मग आता काय करतंस? पालखीच्या सकाळी सारवन तर होनारच. देवी काय धुळीत बसनार?"

ते खरंच होतं. पालखी यायच्या सकाळी साऱ्या गावात उंबऱ्यापासून देवापर्यंत ताजं सारवण पडतं, त्यात सूट नाही. आणि तांडेल तर ताज्या सारवणाची जणू वाटच बघत होता. दिवेलागणीला रानाच्या बाजूने वानरं खेकसायला लागली, म्हणजे बिबळ्या खाली उतरला. सगुणाने तांडेलाला छातीशी धरलं आणि दाराचा अडसर पुन्हा एकदा चाचपला. तिला भीती वाटत होती आणि ती लपवायची ताकद तिच्यात नव्हती.

सकाळी ती गुलबानूकडे गेली. "अशी कुठली वस्तू सांग, जी घरात कधीच येत न्हाय," ती म्हणाली. "राख चुलीत हाय. तूस उखळापाशी हाय. रेती तर पायाला लागून रोज आत येते. काय आनू?"

गुलबानूने नुसतं परसाकडे बोट दाखवलं. तिथे चुना भाजायला आणलेल्या शिंपल्यांचा पांढराशुभ्र ढीग पडलेला. खाऊन टाकलेल्या तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या, वास नाही, ओल नाही, पाय पडला की कराकरा वाजणाऱ्या. "घे हव्या तेवढ्या," ती म्हणाली. "तुज्या तांडेलानं यांच्यावर केलं तरी भट्टीत सगळं पाक व्हतं."

सगुणाने डोक्यावरून टोपल्या वाहिल्या आणि मागीलदारी, गोठ्याच्या उलट्या बाजूला, शिंपल्यांचा वाफा केला. मग जुंपली दोघांची! खुराड्यातून काढला की ती त्याला शिंपल्यांवर उभा करायची, तो शेणाकडे धाव घ्यायचा, ती पदर खोचून मधे उभी राहायची. तो डावीकडून गेला की ही डावीकडे, तो उजवीकडून गेला की ही उजवीकडे. कुंपणापलीकडून गुलबानू बघत होती. "हुतुतू खेळतेस काय गो?" शेवटी एकदा त्याचा नाइलाज झाला, आणि शिंपल्यांवर अंग चोरून त्याने उरकलं. सगुणाने जवळ्याचा आख्खा डबा त्याच्यापुढे उपडा केला आणि तिथेच फुगडी घातली, एकटीनेच!

पण एवढ्यावर थांबेल तर ती सगुणा कसली. तिने रोज घर सारवायला घेतलं. आज माजघराचा कोपरा, उद्या पडवी, परवा देवापुढची जागा. ओल्या सारवणावरून तांडेलाला चालवायचं, नाक खाली गेलं की "ना!" म्हणून उचलायचं आणि पळत शिंपल्यांवर. येसूबाई चिडली. "जमिनीवर एवढी पुटं चढली की माजं डोकं आता आढ्याला लागंल!" पण एकदा सगुणा पाण्याला गेलेली असताना तांडेल मागच्या दाराशी जाऊन कुंईकुंई करायला लागला, तर म्हातारीने मुकाट्याने कडी काढली. सगुणाने ते पाणंदीतून पाहिलं आणि म्हातारीला दिसू नये म्हणून दोन पावलं मागे सरली.

पालखीचा दिवस उजाडला. घर सारवून आरशासारखं झालेलं. तांडेल खुराड्यात, खुराडं माजघराच्या कोपऱ्यात, वर चादर. खालूबाजा वाजत आला, ढोल, सनई, गुलाल, आख्खी वाडी घरात शिरली. पालखी देवापुढे पाटावर टेकली. सगुणा ओटी भरायला ताट घेऊन पुढे झाली. आणि नेमका त्याच वेळी गर्दीत कुणाचा तरी धक्का खुराड्याला लागला, दार निसटलं, आणि चादरीखालून तांडेल बाहेर आला.

थेट पालखीपुढे. ओल्या सारवणावर. नाक जमिनीला लावलं आणि गोल फिरला.

 ही खूण सगुणा ओळखत होती. दोन्ही हातांत देवीची ओटी, पुढे पालखी. हलावं तरी कसं? ढोलवाल्याची टिपरी वरच्या वर थांबली. बाळाजी गुरवाने हातातली वेताची काठी उचलली.

"हात लावू नका त्याला!" सगुणा ओरडली. देवीपुढे एवढ्या मोठ्याने आजवर कुणी बाई ओरडली नसेल. "कुनी हलू नका!"

तांडेलाने आणखी एकदा सारवण हुंगलं. वर सगुणाकडे पाहिलं. आणि वळला. माणसांच्या पायांमधून, नऊवारीच्या घोळांखालून, गुलालातून वाट काढत तो मागच्या दाराशी गेला. दार बंद! गर्दीमुळे अडसर घातलेला. त्याने दाराला पंजे लावले आणि रडायला लागला. पाय एकमेकांवर चढवून, जिवाच्या आकांताने रोखून धरून, पण खाली बसला नाही.

"अगो, उभ्या काय मेल्यांनो!" हा आवाज येसूबाईचा. एरवी गुडघे धरून चालणारी म्हातारी चार बायकांना कोपराने बाजूला सारत दाराशी पोहोचली, अडसर उचलून फेकला आणि दार सताड उघडलं. "वाट द्या! पोराला वाट द्या!"

तांडेल बाणासारखा सुटला. साऱ्या घराने कान तिकडे लावले. आणि मागीलदारातून आवाज आला, कराकरा, कराकरा, मग शांतता.

मग जी बोंब उठली, ती होळीलासुद्धा उठली नव्हती! ढोलवाल्याने टिपरी हाणली, सनई किंचाळली, पोरांनी गुलालाची मूठ थेट आढ्याला मारली. सगुणा हसत होती, रडत होती, आणि ताटातला नारळ तिला सांभाळता येत नव्हता. कुंपणापलीकडून गुलबानू ओरडून विचारत होती, "झालं काय? झालं काय गो?" आणि अर्धी वाडी एका सुरात सांगत होती, "झालं!"

बाळाजी गुरव काठी खाली करत पुटपुटला, "कुत्रं शहाणं हाय खरं. पन शिमगा सरला की बांधनार कुठं याला?"

"बांधायचा कशाला?" येसूबाई त्याच्यावर उसळली. "सायबाचं घरात ऱ्हातं, तर माजं का म्हनून न्हाय?"

दिवेलागणीला पालखी पुढच्या घरी गेली होती आणि रानाच्या बाजूने वानरं खेकसायला लागली होती. सगुणा खुराडं उशाशी न्यायला आली, तर ते कोपऱ्यात नव्हतंच. म्हातारीने ते आपल्या वाकळेला लागून ठेवलं होतं, आणि खुराड्याच्या फटीतून आत बोटं सोडून ती पडली होती.

"उभी काय ऱ्हायलीस सगुणे," ती म्हणाली. "अडसर घाल. सगळी घरची मानसं आत आली."