चहावरचा शब्द

“चहा ठेवला चटईवरी, शब्द ठेवला ओठावरी,
शब्दाविना गं चहा कडू, साखर घातली किती तरी.”

भात कांडता कांडता सासूबाई हे गुणगुणायच्या. मुसळाच्या ठेक्यावर डोलणारा त्यांचा आवाज तुमिनीच्या कानात अजून होता. पाहुण्यापुढे चहा ठेवावा आणि लगेच ‘घ्या’ म्हणावं. यजमानीण ‘घ्या’ म्हणेपर्यंत पाहुणा पेल्याला हात लावत नाही. जावा बेटावरच्या क्लातेनच्या आसपास शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

आणि आज तुमिनीनं झाकणाचे पेले ठेवले, केळीच्या पानातला भात ठेवला, पण शब्द काही ठेवला नाही.

समोर मारित बसली होती. नॉर्वेची. तिकडेच गुनार्सोबरोबर जहाजांच्या कारखान्यात काम करणारी. तुमिनीचा हा एकुलता एक मुलगा तिच्याशी लग्न करायला आईचा आशीर्वाद मागायला आला होता. फोनवर त्यानं विचारलं तेव्हा तुमिनी म्हणाली होती, “तुझी मर्जी.” जावा बेटावरची आई ‘तुझी मर्जी’ म्हणाली की तिला ‘नाही’ म्हणायचंय, हे लेकानं ओळखावं. त्यानं ओळखलं, आणि पोरीला घेऊनच आला.

पोरीत खोट काढावी तर सापडेना. चपला उंबऱ्याबाहेर. शेजारच्या कासियेमपुढून जाताना कमरेत वाकून, उजवा हात खाली सोडून गेली. पावलं कुणाकडे होऊ नयेत म्हणून पाय एका बाजूला दुमडून बसली.

“अगं बाई,” कासियेम म्हणाली, “माझ्या सुनेला हिच्याकडे शिकवणीला धाडते. ती मेली माझ्या डोक्यावरून नाचत जाते!”

तुमिनी हसली. “तुमचे केस किती सुरेख,” ती मारितला म्हणाली. “प्रवासात दमला असाल. घर तुमचंच आहे हो.”

“आभारी आहे, इबू,” मारित म्हणाली; इबू म्हणजे आई. पेल्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. कपाळावरून घाम ओघळत होता. गुनार्सोही तहानलेला, पण हा शब्द त्याचा नव्हता.

कासियेमनं एकदा पेल्यांकडे पाहिलं, एकदा तुमिनीकडे. “चूल पेटवायची राहिलीय बाई,” म्हणत ती उठली. जाता जाता तुमिनीच्या कानाशी पुटपुटली, “मुंग्या लागल्या बघ चहाला. त्यांना बरं आमंत्रण लागत नाही.”

मग मारितनं विचारलं, “इबू, माझं काही चुकलं का?”

गुनार्सो खोकला. असं तोंडावर कुणी विचारतं का?

“छे हो, काही नाही,” तुमिनीच्या तोंडून सवयीनं निघालं.

“माझी आजी रागावली की भांडी आपटते,” मारित अडखळत म्हणाली. “मग आम्हांला कळतं. तुम्ही आपटत नाही. इतकं गोड बोलता, की मला भीती वाटते.”

तुमिनीला खुदकन हसू आलं. हसू यायला नको होतं, पण आलं. तिनं झाकण उचललं. “पार पाणी झालं याचं. दुसरा करते.”

ती उठली तशी मारितही उठली आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरली. पाहुण्यानं तिथं पाऊल टाकायचं नसतं. “मारित, अगं...” गुनार्सोनं हाक मारली. तुमिनीनं हातानंच त्याला बस म्हणून खुणावलं.

आत धूर होता, टोपलीत उद्या बाजारात विकायचं तेम्पे, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, होतं. तुमिनी चुलीपुढे उकिडवी बसली. मारित तिच्या शेजारी जमिनीवर बसली. पाय कुठं गेले याचं भान या वेळी तिला राहिलं नाही. न सांगताच तिनं एक काटकी मोडून चुलीत सारली. चुलीनं जाळ धरला.

तुमिनी जाळाकडेच बघत राहिली. परक्याशी गोड बोलणं सोपं. हे सोपं नव्हतं.

“तू वाईट नाहीस गं,” ती म्हणाली. “तू वाईट असतीस तर बरं झालं असतं, नाही म्हणता आलं असतं. मला भीती वाटते. तो तिकडचाच होऊन जाईल, नातवंडं फोनमधून हात हलवतील, आणि मी इथं त्यांना कळणार नाही अशा भाषेत बोलत बसेन. म्हणून शब्द फुटत नव्हता.” तिनं डोळे पुसले; धूरही होताच. “ने त्याला. माझा आशीर्वाद आहे. पण आणत जा गं, दर वर्षी आणत जा.”