बुधवारची सहल

संयोगितानं शिवणकामाच्या टेपचं टोक पृथ्वीराजच्या टाचेखाली दाबलं आणि टेप त्याच्या डोक्यापर्यंत ओढली. पोरगं स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभं होतं, पण गुडघ्यात वाकून.

"सरळ हुबा ऱ्हा की."

"आत्या, बाबा म्हणलं वाकून ऱ्हा."

बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ विश्वजीत. तो सोप्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हसत होता. घाटाखालच्या त्या मोठ्या पार्कात पोरांचं तिकीट वयावर नव्हतं, उंचीवर होतं. साडेचार फुटांच्या आत असलं तर कमी पैसे, वर गेलं की मोठ्या माणसाएवढं. पृथ्वीराज बोटभर वर जात होता.

"आक्का, जरा ढिली धर की टेप. कोर्टात दाखवायची हाय व्हय?"

"तितं दारातच पट्टीला हुबं करत्यात. मग पोराला वाकवून तू रांगेत भांडत बसशील."

तिनं पृथ्वीराजला मोठ्यांत धरलं. पोराला तर मोठ्यांत गेल्याचा आनंदच झाला. तो अंगणात जाऊन आपल्या धाकट्या बहिणीला ते ऐकवू लागला.

खर्चाचा अंदाज काढायचं काम संयोगिताकडं येणार हे ठरलेलंच होतं. साताऱ्यात तिच्या बचत गटाच्या बायकांची सहल दरवर्षी तीच काढायची. कोकण झालं, अष्टविनायक झालं. कुठल्या ढाब्यावर बाईमाणसाला स्वच्छ संडास आहे आणि कुठला गाडीवाला टोलचे पैसे दोनदा सांगतो, हे तिला तोंडपाठ होतं. आता घरातली सगळी मिळून अठरा माणसं होत होती: ती, पाटणची प्रियदर्शनी आणि आटपाडीची सोनम या तीन बहिणी, त्यांचे नवरे, विश्वजीत, त्याची बायको समीक्षा, आई आणि नऊ पोरं. एवढा गोतावळा आण्णा, म्हणजे त्यांचे वडील, गेल्यापासून एका गाडीत बसला नव्हता. विश्वजीतनं महिन्यापूर्वी फोन करून सांगितलं होतं, पोरांची सुट्टी आहे, सगळ्यांना घेऊन जायचं, खर्च माझा. तिघी बहिणींनी एकमेकींना फोन करून भावाचं कौतुक केलं होतं. संयोगिताला बरं वाटलं होतं. आज साताऱ्याहून लोणंदची एसटी पकडून ती आली होती ती याच खुशीत, आणि फाट्यापासून घरापर्यंत चालत येताना ती उगाचच ओळखीच्या प्रत्येक माणसाशी बोलली होती.

ती मोरीशेजारच्या पाटावर बसली आणि बोटांवर मोजत बोलू लागली.

"बाहेरचं खायाचं आत न्हेऊ देत न्हाईत. तवा सकाळचा नाष्टा गाडीतच. मी दशम्या करून आणते, प्रियदर्शनी शेंगाची चटणी आणंल. दुपारचं जेवण तितलं कुपन. लॉकर तीन बास झालं, घरटी एक कशाला? पाण्यात उतरायची कापडं भाड्यानं घ्यायची न्हाईत, लय लुबाडत्यात. आईला तिकीट लागतंय, पण म्हाताऱ्या माणसास्नी सूट हाय. मी काल फोन करून समदं इचारलंय."

"बघ," विश्वजीत समीक्षाला म्हणाला, "म्हणून म्हणलं आक्काला बोलवू."

समीक्षा चुलीपाशी चहा गाळत होती. ती गाळतच राहिली. तशी ती आज सकाळपासूनच कमी बोलत होती.

"रविवारीच जायाचं न्हवं?" संयोगितानं विचारलं.

"रविवारी लय गर्दी. बुधवारी जाऊ."

"बुधवार तर बुधवार, तिकीट बी स्वस्त पडंल. मग पाचला निघू. शिरवळवरनं गेलो की दाराची कुलपं निघायच्या टायमाला पोचतोय."

"न्हाई, जरा दमानं निघू. नवाच्या पुढं. आन शिरवळवरनं न्हाई, तालुक्यावरनं जाऊ. तितं जरा थांबून, मग पुढं."

संयोगितानं मान वर केली. "आरं, मग पोचायला दोन वाजतील. एवढं दिवसभराचं तिकीट काढायचं आन दुपारी आत जायाचं? निम्मं पैसं पाण्यात."

"जाऊ देत गं पैसं. आन एक, तुमी तिघींनी आधार कार्ड आणा. दोन-दोन फोटो बी आणा, पासपोर्ट साईजचं. पार्कात लागत्यात. घरच्या व्हॉट्सॲप गटावर तूच टाक तसं, तुझं ऐकत्यात त्या."

चहाचा कप तिच्या हातात होता. तिनं एक घोट घेतला, मग दुसरा घेतला. कालच तिनं त्या पार्कातल्या मुलीशी पंधरा मिनिटं फोनवर हुज्जत घातली होती. कागद काय काय लागतील, हेही विचारलं होतं. काही नको मॅडम, पैसे भरा आणि या, असं ती मुलगी हसून म्हणाली होती.

पार्काला फोटो लागत नव्हते. फोटो कुठं लागतात हे संयोगिताला ठाऊक होतं. बचत गटातल्या एका बाईबरोबर ती मागच्याच वर्षी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेली होती. बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणींनी भावाच्या नावे सोडून द्यायचा, तो हक्कसोडीचा कागद तिथंच होतो. त्याला आधार लागतं आणि फोटो लागतात. ते कार्यालय तालुक्याच्या गावी असतं, आणि रविवारी बंद असतं.

कप तिनं नीट खाली ठेवला.

"मी आईकडं जाऊन येते," ती म्हणाली.

चंद्राबाई परसात लिंबाखाली घेवडा निवडत बसली होती. लेकीची चाहूल लागली तरी तिनं सूप सोडलं नाही. संयोगिता शेजारी बसली आणि तिनंही मूठभर घेवडा पुढ्यात ओढला.

"आये, बुधवारी तालुक्याला कशाला थांबायचं हाय?"

म्हातारीची बोटं थांबली, मग पुन्हा चालू लागली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"रस्त्याकडंची रानाची पट्टी कंपनीवाली इकत मागत्यात," चंद्राबाई हळूच म्हणाली. "तुमची समद्यांची नावं हाईत उताऱ्यावर. इश्वजीत म्हणतो, एकेकीच्या दारात जाऊन मागायला नगं वाटतंय. पोरंबी खूश हुतील, कामबी हुईल. सही कर आन मोकळी हो, बाई. मीबी सोडलं हुतं. भावानं साडी-चोळी केली, पंगत घातली. त्यो मरंस्तवर दर दिवाळीला मला न्यायला यायचा."

"तुला सांगितलं हुतं का त्यानं, कशावर सही हाय ते?"

"सांगितलं हुतं की. पाटावर बसवून सांगितलं."

संयोगिताला भावाला वाटा द्यायचा नव्हता असं नव्हतं. आण्णांच्या तेराव्यालाच तिनं मनात सोडून दिला होता. तिचा नवरा फौजेतून सुभेदार होऊन परत आला होता, पेन्शन होती, साताऱ्यात दोन खोल्या स्वतःच्या होत्या. तिला जमीन नको होती. तिला हे घर हवं होतं. दिवाळीला यायला, भांडायला, न सांगता फडताळातून लोणचं काढून घ्यायला. पण सोनमचं तसं नव्हतं. सोनमच्या नवऱ्याचं शेत पावसावर, आणि तिला दोन्ही मुलीच. मागच्या महिन्यातच तिनं हळूच विचारलं होतं, आक्का, आपल्याला काय मिळणार हाय का गं? तिला आंधळेपणानं त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढवायच्या, आणि तेही थोरल्या बहिणीच्या शब्दावर.

ती सोप्यात परत आली तेव्हा तिचा फोन वाजला. घरातल्या गटावर सोनमचा आवाजी निरोप आला होता. संयोगितानं बोट ठेवलं आणि तो सगळ्या घरात ऐकू गेला.

"आक्का, मी पोरींस्नी पवायची कापडं घेतली. विट्यात गावली. ह्यांनी ऊसतोडीवाल्यांचं काम हाय तरी बुधवार मोकळा ठेवलाय. आन मला सांग, त्या उलट्या फिरत्या पाळण्यात बायकांस्नी बसू देत्यात न्हवं? साडी चालंल का पंजाबी घालू? मी बसणार हाय बग. कोण न्हाई म्हणलं तरी बसणार."

विश्वजीत खाली बघत होता. "टाक की आता फोटूचं," तो म्हणाला. "त्यास्नी काढायला येळ लागंल."

संयोगिता खुर्चीत बसली. चष्मा लावला. ती सावकाश टाइप करत होती आणि जे टाइप करत होती ते तोंडानं म्हणत होती, तिच्या नेहमीच्या सवयीप्रमाणं.

"बुधवारी जायचं नक्की. जाताना तालुक्याला थांबून आपल्या तिघींच्या हक्कसोडीच्या कागदावर सह्या घ्यायच्या आहेत."

"आक्का!"

"ज्यांना सही करायची असेल त्यांनीच आधार आणि दोन फोटो आणावेत. नसेल करायची तरी सहलीला यायचं. खर्च विश्वजीत करणार नाही. घरटी ज्याचा त्यानं करायचा. हिशेब मी संध्याकाळी टाकते."

तिनं पाठवलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला. आपण रागावलो असतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. हे असं काहीच न वाटणं बरं नव्हतं.

विश्वजीत उठून उभा राहिला होता. काय करावं न सुचून तो पुन्हा बसला.

"एवढी दवंडी पिटायची काय गरज हुती? लोक काय म्हणतील? दाजी काय म्हणतील?"

"लोकांनी न्हाई वाचलं. घरातल्यांनीच वाचलं."

"मी काय तुमास्नी फशीवणार हुतो व्हय? पार्काला न्हेणारच हुतो की! समद्यांचा खर्च करणार हुतो!"

"व्हय. म्हणूनच म्हणलं, आपापला करू. मग ती नुसती सहल हुईल."

"तू म्या मागितली असती तर दिली असतीस सही?"

"दिली असती."

"मग?"

"मग मागायची हुतीस."

त्यानं नजर दाराबाहेर वळवली. अंगणात पृथ्वीराज बहिणीला चौकटीला उभी करून वितीनं मोजत होता. समीक्षानं चहाचे कप गोळा केले आणि ती मोरीकडं निघाली होती, ती मध्येच थांबली.

"वन्सं," ती म्हणाली. तिचं तोंड संयोगिताकडं होतं, पण नवऱ्यानं ऐकावं अशा आवाजात ती बोलत होती. "गेल्या साली माझ्या भावांनी आमा बहिणींस्नी बालाजीला न्हेलं. तवाबी आधार मागितलं, फोटो मागितलं. म्हणलं दर्शनाच्या पासाला लागत्यात. गाडी सांगलीत थांबली. धा मिनिटाचं काम हाय म्हणलं. मी सही केली आन परत गाडीत बसले."

"समीक्षा, आता ते कशाला?" विश्वजीत म्हणाला.

"घरी आले तवा ह्यांनी माझ्या भावास्नी चोर म्हणलं. भर चौकात म्हणलं. मी आणलेला परसादाचा लाडू म्हशीला घातला. मला वाटलं, चला, माझ्या बाजूनं कोणतरी बोललं." तिनं कप एकात एक घातले. "तवापास्नं माझा पाय माहेराकडं वळला न्हाई. भाऊ बोलवत्यात. चांगलं बोलत्यात. पण न्हाई वळत."

ती मोरीत गेली. नळ सुटला, भांडी वाजू लागली.

विश्वजीत दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून बसला होता. लहानपणी कैऱ्या चोरून पकडला गेला की तो असाच बसायचा, आणि आण्णांचा मार चुकवायला संयोगिता मध्ये पडायची. आता तिला उठावंसं वाटलं नाही. फोनवर निळ्या खुणा आल्या होत्या. दोघी बहिणींनी वाचलं होतं. लिहीत मात्र कुणीच नव्हतं.

विश्वजीतनं मान वर केली. डोळे भरलेले होते, ते त्यानं पुसले नाहीत.

"आक्का. चुकलं माझं. मी आता मागतोय. सही देशील का गं मला?"

एवढंच तर तिला हवं होतं. आण्णा गेल्यापासून तो हे कधी विचारेल याची ती वाट बघत होती, आणि विचारल्यावर काय म्हणायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. घे की रं, असं म्हणायचं होतं, हसून म्हणायचं होतं, आणि वर आईला चहा टाकायला सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं. तो तिच्याकडं बघत होता, अगदी तसाच, लहानपणी बघायचा तसा. तिनं ते हो शोधलं, नेहमीच्या जागी शोधलं, पण ते तिथं नव्हतं. नाही म्हणावं असंही काही तिथं नव्हतं.

"आक्का?"

"गाडीवाल्याला आजच फोन कर," ती म्हणाली. "लग्नसराई हाय. मागनं गाडी मिळायची न्हाई."