गाणारा उठून जातो

जुन्या कॅसेटवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देणारा त्या भागात तो एकटाच उरला होता, म्हणून सगळे त्याला टेपवाला म्हणत. पहिल्या मजल्यावर एक खोली, खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर टेपा वाजवायचे तीन डेक आणि एक जुनाट ॲम्प्लिफायर. भिंतीला टेकून कमरेएवढे दोन स्पीकर उभे होते. लोक आजोबांचं भाषण आणत, पोराचे पहिले बोल आणत, आणि हा त्यातली खरखर काढून देई. इतक्या वर्षांत अर्ध्या गावाच्या घरातलं बोलणं त्याच्या कानावरून गेलं होतं. स्वतःच्या घरात मात्र कुणी बोलायला नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि लेक विमानानं जायच्या अंतरावर नांदत होती.

माणूस तसा भला, पण एक खोड वाईट. बिघाड दिसला की त्याच्या हाताला खाज सुटायची. कुणाच्या लग्नात माइक खरखरला तर हा पानावरून उठून आधी माइककडे जाणार. बायको म्हणायची, "तुम्ही डॉक्टरकडे गेलात तरी त्यांचा स्टेथोस्कोप खोलून बसाल." तिचं काही चुकत नव्हतं.

एका दुपारी दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाई त्याच्याकडे आल्या. दवाखान्यात त्यांनी नुसतं नाव घेतलं तरी माणसं उभी राहत, असा त्यांचा वचक. त्यांनी टेबलावर खोका ठेवला. आत एकतीस टेपा होत्या.

"माझ्या भावाच्या आहेत. दोन महिन्यांपूर्वी वारला."

"त्यांचा आवाज आहे का यात?"

"मला काय माहीत? बावीस वर्षं माझ्याच घरात, शेजारच्या खोलीत राहिला. दार लावून हेच ऐकत बसायचा. आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का, दिवा घालवला का." बाईंनी खोका त्याच्याकडे सरकवला. "तो आत काय करायचा, ते मला एकदा ऐकायचंय. उतरवून द्या आणि टेपा टाकून द्या. घरात पसारा नकोय."

टेपवाल्याची कामाची एक रीत होती. खोका आला की आधी डब्या वेगळ्या काढायच्या, त्यांतली कागदी कार्डं पाकिटात घालून बाजूला ठेवायची आणि नुसत्या टेपांना स्वतःचे आकडे द्यायचे. कार्डावर धूळ असते, ती डेकमध्ये जाते. शिवाय लोकांनी काय लिहिलंय ते आपण वाचू नये, ऐकावं लागतं तेवढं पुरे, असंही त्याला वाटे.

पहिली टेप लावली. माणसाचा आवाज नव्हता, गाणी होती. भाषा परकी. ढोल सावकाश चाललेला, गिटार दर ठोक्याच्या मधल्या फटीत टिचकी मारून जाणारी, आणि तळाशी बेसचा खर्जातला सूर असा की टेबलावरचे स्क्रू नाचायला लागले. गाणारा कळवळून गात होता. टेपवाल्याला ते बरं वाटलं. त्यानं बाजू पालटली.

दुसऱ्या बाजूला तीच गाणी होती, पण पार मोडलेली. गाणारा एक ओळ म्हणे आणि अर्ध्या शब्दावर गडप होई. त्या शब्दाचं शेपूट मात्र लांबवर घुमत राही. मग गिटारही जाई. नुसता ढोल आणि बेस चाललेले, आणि मिनिटभरानं गाणारा कुठूनतरी परत येऊन एखादा शब्द टाकून पुन्हा पसार.

"अरेरे," टेपवाला म्हणाला, "पार वाट लागलीय हिची."

आणि तो कामाला लागला. डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं, स्क्रू पिळून पाहिला, टेपेची आतली गादी बदलली, तरी गाणारा जागेवर येईना. तेव्हा त्यानं जे केलं ते करायला तीस वर्षांचा हात लागतो आणि तेवढाच आंधळा अभिमानही. पहिल्या बाजूवरचा गळा उचलून त्यानं दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक खड्ड्यात नेमका बसवला. घुमणारी शेपटं खरडून काढली. चार टेपांवर मिळून एकशे बारा खड्डे बुजवले. त्यात नऊ दिवस गेले. जेवायचं भान राहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते नऊ दिवस त्याचे बरे गेले. पहिला हप्ता म्हणून या चार टेपा पेन ड्राइव्हवर घालून त्यानं बाईंना दिल्या. "खूप खराब होत्या, पण आता शब्दन् शब्द ऐकू येईल," असंही ऐटीत सांगितलं.

पाचव्या टेपेला त्याचा हात अडखळला. ही टेप आतून अगदी नव्यासारखी होती, तरी गाणारा तसाच गडप होत होता. टेपवाला खड्डे मोजायला बसला आणि मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक खड्डा ठोक्यावर पडतोय. चारच्या आवर्तनात, बरोबर पहिल्यावर. तो खुर्चीत मागे टेकला. बिघाड कधी तालावर होत नाही.

मग त्यानं शोधाशोध केली. जमैका नावाच्या बेटावरचं ते संगीत होतं, रेगे. त्यातही जुन्या वळणाचं, भुकेचं, देवाचं आणि हरवलेल्या घराचं गाणं. आणि दुसऱ्या बाजूला होतं ते डब. तिथले ध्वनिमुद्रण करणारे लोक आपल्याच हातानं गाण्यातून गाणाऱ्याला उठवून लावत आणि जे उरे त्याला घुमवत ठेवत. म्हणजे त्याच्यासारखाच कुणीतरी टेबलाशी बसलेला तंत्रज्ञ. तो मुद्दाम गाणं रिकामं करत होता, आणि ह्या शहाण्यानं ते नऊ दिवस खपून भरून काढलं होतं.

टेपवाल्यानं कार्डांचं पाकीट काढलं आणि कार्डं टेबलावर ओतली. बारीक, सरळ अक्षर. गाण्यांची नावं होतीच, पण शेजारी वेळ टाकून काही लिहिलेलं होतं. "दोन मिनिटं बारा सेकंद. गाणारा उठून जातो. घाबरू नका." दुसऱ्यावर, "इथे गिटार दाराशी येऊन परत जाते." तिसऱ्यावर, "बेस एकटा. इथे जरा थांबून बघा." एकतीस कार्डांवर हे असं. कुणाला तरी ऐकवायचं म्हणून लिहिलेलं, आणि ऐकवलेलं कुणालाच नाही.

टेपवाल्यानं पहिल्या टेपेची दुसरी बाजू पुन्हा लावली, काही न करता. मोठे स्पीकर चालू केले, हात मांडीखाली दाबून धरले आणि ऐकलं. दोन मिनिटं बारा सेकंदांनी गाणारा उठून गेला. बाकीचे मात्र थांबले नाहीत. बायको गेल्यावर घरातला फ्रिज असाच गुरगुरत राहिला होता, घड्याळ चाललं होतं, नळाला वेळेवर पाणी येत होतं. त्या चालू राहण्याचा त्याला चार वर्षं राग येत होता. इथे कुणीतरी त्याचंच गाणं करून ठेवलं होतं. त्याला रडू आलं, आणि खोलीत कुणी नव्हतं म्हणून त्यानं ते आवरलं नाही.

आता हे कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडेना. लेकीला पाठवलं. गाणं साडेपाच मिनिटांचं, तिचा अंगठा दहा सेकंदांत आला. खाली "बाबा मस्त, जेवलात का?" मग तो खालच्या शिंप्याला हाताला धरून वर घेऊन आला. शिंप्यानं मशीन सोडून आल्याचे उपकार चेहऱ्यावर ठेवून दीड मिनिट ऐकलं.

"चांगलंय. पण गाणं कधी सुरू होणार?"

"हेच गाणं आहे. आता बघ, गाणारा जाईल."

"गाण्यातून गाणारा गेला तर राहिलं काय, टेपवाले? उद्या मी बाह्या काढून शर्ट दिला तर लोक मला काय म्हणतील?" तो हसत हसत जिना उतरून गेला, आणि थोड्या वेळानं खालून मशीनची खडखड सुरू झाली. टेपवाला उगाच त्या खडखडीतही ठोका शोधत बसला.

राहता राहिल्या बाई. त्यांच्याकडे खड्डे बुजवलेली गाणी होती, आणि आपल्या भावाचं म्हणून त्या तेच ऐकत असणार. सांगायला तोंड नव्हतं. शिवाय मनातून त्याला एक आशा होती, आणि ती त्याची त्यालाच कळत होती. बाईंना हे आवडलं तर या गावात हे ऐकणारी दोन माणसं होतील. दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून देण्यात गेल्यावर त्यानं एकदाचं बोलावलं.

बाई आल्या त्या तिरीमिरीतच. "मीच येणार होते. तुम्ही टेपा बदलल्यात का? मी चारही ऐकल्या. हे त्याचं नाही. एक सूरही माझ्या ओळखीचा नाही."

"माझी चूक झाली," टेपवाला म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. खड्डे, नऊ दिवस, कार्डं. कार्डं त्यानं बाईंच्या हातात दिली. बाईंनी दोनच वाचली आणि पालथी ठेवली.

"लावा," त्या म्हणाल्या.

त्यानं टेप लावली. बाई खुर्चीत ताठ बसून होत्या. गाणारा गेला, गिटार आली, परत गेली. टेपवाला चोरून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. चेहरा कोराच होता.

"नाही," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "बावीस वर्षं मी हे रोज ऐकलं. मला ओळखता यायला हवं होतं ना?"

बाई उठल्या, पर्स घेतली. "तोंडावर पाणी मारते जरा," म्हणून त्या मागच्या लहान खोलीत गेल्या. तिथे बेसिन होतं, रिकामे खोके होते आणि डबा खायला एक स्टूल. दार त्यांच्यामागे आपोआप लागलं. टेप चालूच होती. टेपवाल्याला ती बंद करायचंही सुचलं नाही. दोघंही गेली, एवढंच त्याच्या मनात आलं, गाणारा आणि ऐकणारी.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो दाराशी गेला.

"बाई, बरं वाटतंय ना?"

"वाढवा," आतून आवाज आला.

"काय?"

"आवाज वाढवा. हाच आहे तो."

त्यानं बटण फिरवलं. भिंतीतून शब्द जात नव्हते, गिटार जात नव्हती. पलीकडे पोचत होता तो नुसता बेस आणि ढोलाचा धबका. बाईंनी बावीस वर्षं ऐकलं होतं ते एवढंच. इस्त्री करताना, भाजी चिरताना, कॅलेंडरवर दुधाची खूण करताना. दार उघडून आत काय चाललंय ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

बाजू संपल्यावर त्या बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण बोलणं दवाखान्यातल्यासारखंच. "मी भिंतीवर लाटणं आपटायचे. कमी कर म्हणून. तो लगेच कमी करायचा. एकदाही उलटून बोलला नाही." मग कार्डांकडे बोट करून म्हणाल्या, "हे सगळं माझ्यासाठी लिहिलं असेल का हो?"

टेपवाल्याला खोटं बोलता येत नसे. पण "असेल," तो म्हणाला.

"टेपा टाकू नका. माझ्याकडे लावायला यंत्र नाही. शुक्रवारी दवाखाना दुपारी बंद असतो."

त्या शुक्रवारी बाई आल्या. टेपवाल्यानं सकाळीच फरशी पुसली होती आणि लेकीच्या खोलीतली गादीची खुर्ची घरून उचलून आणून स्पीकरसमोर, आपल्या खुर्चीशेजारी मांडली होती. कार्डं क्रमानं लावून ठेवली होती. कुठे काय येतं ते त्याला आता पाठ झालं होतं, आणि ते सांगायला तो आठवडाभर थांबला होता.

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, "कशाला त्रास घेतलात," म्हणाल्या, आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसल्या. दार लावून घेतलं. एक बाजू ऐकली, आभार मानले आणि गेल्या.

पुढचे दोन शुक्रवार तसेच गेले. चौथ्या शुक्रवारी टेपवाल्याच्यानं राहवेना. टेप लावल्यावर तो उठला, हळूच मागचं दार उघडलं आणि त्याला खोका टेकवून ठेवला. गिटार आत गेली, गाणाऱ्याचा गळा आत गेला. बाई भिंतीला कान लावून बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं.

"इथून नीट ऐकू येत नाही, बाई. बाहेर या ना. दोघं ऐकू. आता एक फार सुंदर जागा येतेय."

बाई रागावल्या नाहीत. नंबर पुकारणाऱ्या त्या आवाजात इतकं मऊ काही असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"तुम्ही चांगल्या मनानं म्हणताय, कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण दार उघडलं की दिसता तुम्ही. लावलेलं असलं की पलीकडे तो असतो."

टेपवाल्यानं खोका पायानं सरकवला, दार लावून घेतलं आणि येऊन आपल्या खुर्चीत बसला. शेजारच्या खुर्चीवर कार्ड ठेवलेलं होतं. गाणारा उठून गेला, तेव्हा त्यानं हात लांब करून आवाज थोडा वाढवला, पलीकडे पोचेल इतका.