साडेवीस पौंड

मोठ्या वादळानंतरच्या वर्षी मॉरिशसच्या रिव्हिएर दू रांपार गावात पोरांची सरकारी मोजणी आली. ऊस पुन्हा उभा राहिला होता. पोरं कशी आहेत ते आता बघायचं होतं. संध्याकाळी मुलं जिथे मराठी गिरवत, त्या बैठकेच्या खोलीत तराजू टांगला गेला. रोझ हिलच्या कॉलेजात शिकून गावात सून म्हणून आलेली इंद्राणी आकडे लिहायला बसली. नर्स सरस्वती पोराला झोळीत घालून वजन सांगे, मग मापाच्या चिमट्याने दंडामागची कातडी धरून तिची जाडी, मिलिमीटरांत. दीड वर्षाचं पोर वीस पौंडांखाली भरलं, की डॉक्टर तपासणार.

इंद्राणीचे डोळे वहीत कमी, दाराकडे जास्त. तिचा नवीन दीड वर्षाचाच. महिनाभर तो भात तोंडातून काढून टाकत होता, आणि तिला कपडे बदलताना त्याच्या बरगड्या मोजायची खोड लागली होती. घरात म्हणत, शिकलेल्या बाईला काळजीचं खूळच फार.

नवीनला सासूबाई जमुना घेऊन आल्या. पोराला बटाट्यासारखं तोलायचं म्हणजे दृष्ट ओढवून घ्यायची, असं त्या आठवडाभर ऐकवत होत्या. आज मात्र गुमान रांगेत उभ्या राहिल्या. तेच इंद्राणीला खटकलं.

"साडेवीस," सरस्वती म्हणाली.

इंद्राणीने लिहिलं. जीव भांड्यात पडायला हवा होता.

"चिमटा, साडेचार."

तिने वर बघितलं. सकाळपासून वीसच्या पुढची सगळी पोरं चिमट्यात सात-आठ भरली होती. साडेचार भरली ती फक्त सुकलेली. वजन एक सांगतंय आणि दंड भलतंच. ती उठली, झोळीपाशी गेली. लंगोट दुहेरी होता. करदोटा सोडायचा नाही, ही गावची रीत. म्हणून नर्सही पोरांच्या कमरेला हात लावत नसे. इंद्राणीने लावला. आत जमुनाबाईंचा लग्नातला चांदीचा कमरपट्टा दोन वेढे घालून बसवलेला.

"ऱ्हाऊ दे गं," जमुनाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "सून कॉलेजात शिकलीय आन् पोर उपाशी, आसं म्हनतील."

रांगेतल्या बाया माना उंचावून बघत होत्या. इंद्राणीच्या कानशिलांवर रक्त चढलं. तिने पट्टा सोडवला, सासूच्या ओच्यात ठेवला आणि सरस्वतीला पुन्हा तोलायला सांगितलं.

एकोणीस भरले.

तिने साडेवीसवर काट मारली. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, उद्याच पोर्ट लुईच्या इस्पितळात आणा म्हणून चिठ्ठी दिली. ती घेताना इंद्राणीची बोटं थरथरत होती.

जमुनाबाईंनी ओच्यातला पट्टा पदरात बांधला. मग नवीनला खांद्यावर टाकून म्हणाल्या, "सकाळच्या पयल्या बसला मीबी येते. तुझं हात बघ कसं कापत्यात. पोराला धरनार कोन?"