सहाव्या पानावरची घोडी

अनन्यानं लाल पेनानं ‘कीर्तनकार’ खोडला आणि टेबलाभोवतीची तिन्ही म्हातारी माणसं एकदम दुखावली. कीर्तनकार व्हायचं कोणालाच नव्हतं. पण असं खोडणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं, असं यशवंतरावांचं मत पडलं. आणि मत पडलं की ते उचलून बाजूला ठेवायची त्या घरात पद्धत नव्हती.

रविवारचे चार वाजले होते. पाच वाजता शेजारचा पीयूष पेनड्राइव्ह घेऊन देवासहून इंदूरच्या प्रेसला निघणार होता. दोन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या घालून अनन्यानं हा खेळ रचला होता: एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि कुठं अडलं की फासे टाकायचे. गोष्ट माळव्यात उतरलेल्या मराठी फौजांच्या काळातली. कोणी कोण व्हायचं त्या भूमिकांसाठी मूळ नियमपुस्तकात सहा पानं होती. सूचना एकोणीस आल्या होत्या.

त्यातल्या दोन एकट्या उदाजीरावांच्या, आणि दोन्ही फडणिसाच्या. देवासात पूर्वी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. मध्ये फक्त रस्ता. गाद्या गेल्या, रस्ता राहिला. उदाजीराव रस्त्यापलीकडचे, धाकट्या पातीचे.

“एकच फडणीस ठेवलास तर तो कुठल्या पातीचा?”

“काका, तो खेळातला आहे.”

“म्हणजे थोरल्या पातीचा,” उदाजीराव म्हणाले आणि खिन्नपणे शेव खाऊ लागले.

शेवटी जासूद, गोलंदाज, वैद्य, भोई आणि कुठल्याच पातीचा नसलेला फडणीस, अशी पाच पानं ठरली. राहिलं सहावं. ते घोडेस्वाराचं, आणि त्याच्यावर चार रविवार गेले होते.

घोडेस्वार दोन प्रकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. बारगीर दुसऱ्याच्या पागेतल्या घोड्यावर बसे. पान एक, म्हणून दोघांतला एकच राहणार. यशवंतरावांना शिलेदार हवा होता, कारण त्यांचे मूळपुरुष कृष्णाजी शिलेदार होते. पुरावा म्हणून घरात मोडीतला एक कागद होता. दसऱ्याला तलवारीशेजारी त्याचीही पूजा होई, हळद यशवंतराव स्वतः उजव्या अंगठ्यानं लावत. मोडी घरात कोणालाच येत नाही, असं यशवंतराव दरवर्षी अभिमानानं सांगत. त्यामुळे कागदावर कधी वाद झाला नव्हता.

अनन्याला बारगीर हवा होता, आणि कारण खुद्द आबाच होते. आबा म्हणजे यशवंतराव, तिचे चुलत आजोबा. चार रविवार ते शिलेदार होऊन खेळले आणि एकदाही लढले नाहीत. घोडा स्वतःचा, तो मेला तर शिलेदारी गेली. म्हणून ते चिंचेखाली उभे राहून बाकीच्यांना धीर देत. त्या धीरावर सगळी टोळी दोनदा ठार झाली होती. बारगिराला कसली काळजी, घोडा दुसऱ्याचा, तो बेधडक घुसेल. तिनं नियमही तसाच लिहून ठेवला होता.

शिवाय तिच्याकडे आता हुकमाचं पान होतं. गेल्या दसऱ्याला तिनं गुपचूप त्या कागदाचा फोटो काढला होता आणि धारच्या खंडोजींना पाठवला होता. त्यांची सगळी नोकरी जुन्या दप्तरखान्यात गेली, मोडी ते वर्तमानपत्रासारखी वाचत. त्यांचं उत्तर आज सकाळी आलं होतं. कृष्णाजींना थोरल्या उदाजीरावांच्या पागेतली तांबडी घोडी, कपाळी चांदणी, मागचा डावा पाय पांढरा, बसण्यास दिली असे. ‘म्हणजे बारगीरच,’ खंडोजींनी लिहिलं होतं. ‘हुद्द्याचा शब्द मात्र वाचता येत नाही. सगळा कागद स्वच्छ आणि त्या एका शब्दावर वर्षानुवर्षांची हळद. गंमत आहे.’

थोरले उदाजीराव म्हणजे समोर शेव खात बसलेल्या उदाजीरावांचे पूर्वज. त्यांच्या चाळीस घोड्यांच्या पागेची गोष्ट गेली चाळीस वर्षं हा रस्ता ऐकत होता. एक वाक्य बोललं की वाद मिटत होता. आणि आबा उरलेलं आयुष्य रस्त्यापलीकडून ते ऐकत बसले असते. अनन्यानं फोन पालथा घातला.

“दीदी, पाच बजे म्हणजे पाच,” दारातून पीयूष म्हणाला. “प्रेसवाले भिया सहाला शटर पाडतात.”

“शेवटची चाचणी,” अनन्या म्हणाली. “आज शिलेदार लढला तर शिलेदार राहील.”

तिनं गोष्ट थेट काली सिंधच्या पात्रात नेली. नदी भरलेली. जासूद, म्हणजे उदाजीरावांच्या पत्नी कुसुमावती, मधल्या खडकावर अडकलेली, पैलतीरावर शत्रू. तिथवर पोचेल तर फक्त घोडा.

“भावजी, मी बुडते आहे,” कुसुमावतींनी शांतपणे सांगितलं.

यशवंतरावांनी फासे मुठीत घेतले. पुष्कळ वेळ खुळखुळवले.

“तांबडीला पाण्याचं वावडं आहे, वहिनी.”

“मागच्या रविवारी चढाचं होतं. त्याआधी उन्हाचं. घोडी आहे की नवी नवरी?”

अनन्याचा धीर सुटला. घोडी खोडूनच टाकावी म्हणून तिनं त्यांचा खेळातला कागद ओढला. त्यावर पहिल्याच रविवारी यशवंतरावांनी आपल्या वळणदार अक्षरात भरलं होतं: घोडी तांबडी. कपाळी चांदणी. मागचा डावा पाय पांढरा.

लाल पेन तसंच हातात राहिलं. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग पालथ्या फोनकडे पाहिलं, मग आबांच्या उजव्या अंगठ्याकडे.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “एवढी का जपता तिला?”

यशवंतरावांनी मूठ उघडली आणि फासे न टाकताच टेबलावर ठेवले.

“परत करायची असते,” ते म्हणाले.

ते वाक्य शिलेदाराच्या तोंडचं नव्हतं, हे टेबलाशी दोघांनाच कळलं होतं.

“बारगीर ठेव,” फासे तिच्याकडे सरकवत ते म्हणाले. “पण तो बेधडक घुसतो, हे काढ. चूक आहे ते.”

“अरे, आणि तुझा मोडीतला कागद?” उदाजीरावांनी विचारलं.

“कागद घरचा आहे. पुस्तक सगळ्यांचं.”

अनन्यानं लॅपटॉप ओढला. जुना नियम पुसून लिहिलं: बारगीर घोडा जिवापाड जपतो. पाचला सात मिनिटं असताना पीयूषनं पेनड्राइव्ह खिशात घातला. कुसुमावतींनी, मला खडकावरून कोणी उतरवणार आहे का, असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पदर सावरून त्या उठल्या.

उदाजीराव मात्र यशवंतरावांचा खेळातला कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होते.

“घोडी छान लिहिलीस रे. आमच्या पागेत शोभली असती.”

“मग ने,” यशवंतराव म्हणाले.

“काय?”

“ने म्हटलं ना. मला आता काय करायची?”

उदाजीराव हसले. कागदाची चौघडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात सरकवली, वर मूठभर शेव घेतली आणि कुसुमावतींच्या मागोमाग निघाले. ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फाटकात शिरेपर्यंत यशवंतराव दारात उभे होते. मग आत वळताना त्यांनी उजवा अंगठा उगाचच सदऱ्याला पुसला.