पहिल्या धारेतली पिशवी

संघप्रियाने डब्याचं झाकण काढलं आणि चंद्रपूरच्या त्या प्रयोगशाळेत मोहाच्या दारूचा वास पसरला. असल्या डब्यातून मांस टिकवणारं फॉर्मॅलिन यायचं, आणि त्याने डोळे झोंबायचे. हा वास मात्र माणसाला थेट वरातीत नेऊन सोडत होता.

"भाऊ, यात काय हाय?" तिने समोर उभ्या असलेल्या लटारूला विचारलं.

"बायकोची पिशवी हाय मॅडम. कालच काढली डाक्टरनं."

"पिशवी दिसून राह्यली मले. ती कायच्यात बुडवली?"

लटारूने आधी दाराकडे पाहिलं, मग छताकडे. तो मुलचेऱ्याकडचा. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी असल्याने या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी तिकडचा माणूस दोन्हीकडे पाहूनच घेतो.

"एसटीत झाकण ढिलं झालं. तुमचं औषध सांडलं. अर्धी गाडी रडून राह्यली होती, कंडक्टरसकट. त्यानं मले आष्टीच्या अलीकडं उतरवलं. डाक्टर तं म्हणे, पिशवी सुकली का वाया गेली. मंग पाहुण्याच्या घरून आणली थोडी."

"पाणी नाई भेटलं तुमाले?"

"पाण्यात मांस सडते ना बाई. आमच्या वैदूचा विंचू दारूतच हाय. अजून नांगी टाईट."

"अन् जिल्ह्याच्या हद्दीवर, पुलावर पोलिसानं नाई पकडलं?"

"पकडलं ना. त्यानं झाकण उघडून पाह्यलं. मंग बंद केलं अन् मले बसाले खुर्ची देली."

संघप्रियाला हसू आलं नाही. त्याच्या बायकोच्या, रुखमाबाईच्या गर्भपिशवीत कॅन्सर आहे, हे आधीच्या छोट्या तुकड्यावरून कळलेलं होतं. तो भिंतीत किती खोल शिरला, ते आता पाहायचं होतं. वरवर असेल तर ऑपरेशनवर भागलं, बाई घरी. खोल असेल तर नागपूरला किरणांचा शेक. आणि मांस सडलं असेल तर कोणालाच, कधीच सांगता येणार नव्हतं. गर्भपिशवी काही जोडीने येत नाही.

प्रयोगशाळेच्या डॉक्टर रिना आल्या. त्यांनी डबा नाकाजवळ नेला आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "पहिल्या धारेची होती का?"

"बायकोचं काम होतं मॅडम," लटारू दुखावला. "हलकी कायले घेऊ?"

"मग आशा आहे. कडक दारू मांस धरून ठेवते. सर्जननं पिशवी मधोमध चिरून पाठवलीय, म्हणजे आतपर्यंत पोचलीही असेल."

संघप्रिया नेमकं काय करते हे सांगणं अवघड होतं. तिची आई शेजारणींना सांगायची, पोरगी दवाखान्यात कापाकापी करते. त्यापायी एक चांगलं स्थळ अंगणातूनच परत गेलं होतं. खरं तर ती मांसाचे तुकडे मेणात बसवायची, यंत्राच्या पात्यावर त्यांचे केसाहून बारीक पापुद्रे काढायची, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायची आणि रंगवायची. इतकी वर्षं झाली, तरी पापुद्रा पाण्यावर पसरताना तिच्या पोटात अजून गुदगुल्या व्हायच्या.

रुखमाबाईचे तुकडे मेणात बसले त्या सकाळी तर ती चहा प्यायलाच विसरली. पहिला पापुद्रा निघाला तोच भुगा. दुसराही. दारूने मांस सुपारीसारखं टणक झालं होतं. तिने मेणाची वडी बर्फावर ठेवली, पातं बदललं, श्वास धरून चाक फिरवलं. या वेळी पापुद्र्यांची अखंड रिबन निघाली आणि पाण्यावर अशी आरामात पसरली, जणू पाहुणचाराला आली होती.

रंग चढला. जांभळे ठिपके, गुलाबी धागे. डॉक्टर रिना मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या आणि काच इकडून तिकडे सरकवत राहिल्या. संघप्रिया त्यांच्या मानेमागून काहीच दिसत नसताना पाहत राहिली.

"वरच्या अस्तरातच आहे," त्या अखेर म्हणाल्या. "भिंतीला शिवलासुद्धा नाही. कड किती स्वच्छ दिसतेय बघ."

संघप्रियाने ग्लोव्ह्जसकट टाळी वाजवली. आवाज फारच वाईट आला. कॅन्सरचा स्वभाव सांगणारी तपकिरी रंगाची तपासणी राहिली होती. दारूमुळे तो रंग लागतो की नाही याची धाकधूक होती. दुसऱ्या दिवशी तोही लागला, आणि कॅन्सर स्वभावानेही गरीब निघाला. नमुना कशात आला, या रकान्यात डॉक्टरांनी 'अल्कोहोल' लिहिलं. मग प्रामाणिकपणे पुढे 'स्थानिक' जोडलं.

"नागपूरले न्यायचं काम नाई भाऊ," संघप्रियाने बाहेर येऊन रिपोर्ट न्यायला आलेल्या लटारूला सांगितलं. "बिमारी पुरी निघाली."

लटारू बाकावरून उठला, पुन्हा बसला. "पिशवी परत भेटते का?"

"नाई. उरलेली जाळाले जाते. मेणातले तुकडे इथीच ठेवतो आमी."

"मंग पाहू तरी द्या एकडाव."

त्याने दाराबाहेर चपला काढल्या. मायक्रोस्कोपवर वाकला आणि आधी दोन्ही डोळे मिटून घेतले. तिने समजावल्यावर उघडले.

"गुलाबी हाय."

"हो."

"आमचा पोरगा आदेश इथी होता?"

"इथीच."

"अन् दिव्यानी?"

"ते पण."

तो तसाच वाकून राहिला. आतल्या खोलीत फोन वाजत होता, दुसरे डबे येऊन पडले होते.

"त्यायच्या आधी एक होता," तो डोळा न काढता म्हणाला. "त्याचं नाव ठेवाचं राह्यलं."

संघप्रियाने हात पुढे केला आणि मायक्रोस्कोपचा उजेड थोडा वाढवला.